बारीक ऑइल गळती: गाडीखाली डाग दिसल्यावर गिऱ्हाइकं विचारतात ते प्रश्न

कराडला हायवेलगत आमचं छोटं गॅरेज आहे. येतात त्या बहुतेक घरच्या गाड्या. आल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट, आय-टेन. बऱ्याचशा आठ-दहा वर्षं चाललेल्या. "ऑइल गळतंय" म्हणत माणूस आत येतो तेव्हा आता इंजिन उघडायला लागणार, या भीतीनेच अर्धा झालेला असतो. बहुतेक वेळा तशी पाळी येत नाही. रोज तोंडी जे सांगतो ते इथे लिहून ठेवलं आहे. उदाहरणं छोट्या पेट्रोल गाड्यांची आहेत, कारण आमचा हात त्यांच्यावर बसलेला आहे. डिझेलवाल्यांसाठी एक उत्तर खाली वेगळं दिलंय.

गाडीखाली डाग पडलाय. तो इंजिन ऑइलचाच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री गाडी लावताना इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा पसरा. टीव्हीच्या खोक्याचा असला तर उत्तमच. पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खूण करून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत आणि किती, हे दोन्ही कळतं. फरशीवरचा डाग रंगही धड दाखवत नाही आणि जागाही.

मग बोट लावून बघा. इंजिन ऑइल बुळबुळीत असतं, नवं असेल तर मधासारखं आणि चाललेलं असेल तर काळपट तपकिरी. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, मे महिन्यात तेच बघून घाबरून आलेले लोक आम्ही रोज परत पाठवतो. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं आणि गोडसर वास येतो. लाल आणि पातळ असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळा ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी चालवत आणू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

"नुसतं पाझरतंय, गळत नाही" असं मेकॅनिक म्हणाला. म्हणजे नेमकं काय?

बरोबर बोलला तो. जोडाच्या कडेला ओलसरपणा आहे, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय, पण खाली थेंब पडत नाही, हा पाझर. दहा वर्षांच्या इंजिनावर थोडा पाझर असतोच आणि त्यासाठी लगेच काही उघडायचं कारण नाही. पुठ्ठ्यावर थेंब पडायला लागले की ती गळती. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वरून घालायला लागत असेल तर मात्र थांबू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवली तर चालेल का?

ऑइलची लेव्हल ठीक असेल तर चालवा. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. ऑइल मापायची पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटरचा फरक असतो आणि सगळ्या इंजिनात मिळून ऑइल तीन-साडेतीन लिटरच मावतं. म्हणजे पट्टी कोरडी निघाली तर निदान एक तृतीयांशाच्या आसपास ऑइल गेलंय, हे ध्यानात घ्या.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र चालवू नका. चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचा ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा. "पेट्रोल पंप दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून पुढे नेलेल्या गाड्यांची खराब झालेली बेअरिंगं आम्ही हातात घेऊन बघितली आहेत. दुसरी गोष्ट, बॉनेटमधून जळका वास किंवा धूर. कुंभार्ली घाट चढून आलेल्या गाड्यांत हे जास्त लक्षात येतं, कारण सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तेव्हा सगळ्यात तापलेला असतो. ऑइल त्यावर ठिबकत असेल तर आग लागू शकते. तिथे चालढकल नको.

गळती नेमकी कुठून होतेय ते कसं शोधायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ऑइल जिथून निघतं तिथे ते दिसत नाही. वरून निघतं, ओघळत खाली येतं, गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो आणि थेंब पडतो तो तिसऱ्याच ठिकाणाहून. गॅरेज टाकल्याच्या दुसऱ्याच वर्षी पाटणकडचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून थेंब पडत होता. मी वर न बघता क्रँकचं मागचं सील (इंजिनाचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे निघतो तिथली रबरी रिंग) गेलं म्हणून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं. आठ दिवसांनी सर परत आले, थेंब तसाच. त्या दिवशी टॉर्च घेऊन नीट बघितलं तर टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचा, मागचा कोपरा ओला होता आणि तिथून एक बारीक ओघळ इंजिनच्या पाठीवरून थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत आला होता. मजुरी परत केली, पण सरांचे दोन दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी धुवायचं, मग बघायचं, मगच पाना लावायचा.

इंजिन थंड असताना डीग्रीजर (तेलकट थर सोडवणारं रसायन) फवारून ब्रशने घासा. इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि सेन्सरची सॉकेट प्लास्टिकने झाका, आणि प्रेशरचा पाइप थेट त्यांच्यावर धरू नका. डिझेलने पुसलं तरी चालतं, पण मग ते पूर्ण पुसून काढा, नाहीतर तेच ऑइलसारखं चकाकतं. कोरड्या फडक्याने सगळे जोड पुसून काढा. मग गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात उंचावर जिथे ताजा ओलावा आहे, तिथेच उगम. त्याच्या खालचं सगळं ओघळलेलं.

गळती फारच बारीक असेल तर धुऊन वाळवलेल्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवा. पांढऱ्या पावडरीवर तपकिरी रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक पॅकिंगला जाऊन भिडतं. पावडर फिरत्या बेल्टवर पडू देऊ नका. यानेही सापडलं नाही तर ऑइलमध्ये चमकणारा रंग घालून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघतात. आम्हाला त्याची गरज क्वचित पडते.

सगळ्यात जास्त कुठून गळतं?

टॅपेट कव्हरचं पॅकिंग. ते रबराचं असतं, रोज तापून थंड होऊन कडक होतं आणि जोडाला चिकटून राहायचं सोडतं. त्यानंतर ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर आणि ऑइल फिल्टरचं रबर, ही दोन्ही सर्व्हिसिंगच्या वेळची पापं. ऑइल प्रेशरचा स्विच लोक बघतच नाहीत. वायरचं सॉकेट काढून बघा, सॉकेटच्या आत ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटलाय. फिल्टरच्या वरच्या अंगाला स्विच असेल तर दोष फिल्टरवर जातो आणि बिचारा फिल्टर दोनदा बदलला जातो.

चेंबरचा जोडही गळतो. आमच्या भागात चेंबर ठोकला जाण्याचं प्रमाण फार. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा छोट्या गाडीच्या पोटाला लागतो. चेंबरला पोचा आला असेल तर जोडाची कड वाकलेली असते आणि नुसतं सीलंट लावून ती बसत नाही. टायमिंग कव्हरचा (इंजिनाच्या बाजूच्या, टायमिंग चेन झाकणाऱ्या झाकणाचा) जोड, कॅम आणि क्रँकची पुढची सीलं, आणि शेवटी क्रँकचं मागचं सील. हे शेवटचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

प्लग काढला तर तो ऑइलात बुडालेला होता. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

प्लगचा वरचा भाग ओला आणि खालचं टोक कोरडं असेल तर रिंगांचा संबंध नाही. टॅपेट कव्हरच्या आत प्रत्येक प्लगच्या नळीभोवती रबरी सील असतं, ते गेलंय. नळीत ऑइल साचतं, कॉइलचं रबरी बूट फुगतं आणि गाडी मिसिंग करायला लागते. प्लगचं जळणारं टोकच ऑइलने काळं, ओलं झालं असेल तर मात्र विषय वेगळा, तिथे कम्प्रेशन तपासावं लागतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येईल का?

पाने हाताळायची सवय असेल तर येईल. दोन-तीन तास धरा, आणि इंजिन पूर्ण थंड असू द्या. पॅकिंग कंपनीचं घ्या, प्लगच्या नळ्यांच्या सीलांसकट. काहीशे रुपयांची वस्तू आहे, तिच्यात पन्नास रुपये वाचवू नका.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टरचा पाइप, कॉइलची सॉकेटं, कॉइल, ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) बाजूला करा. जुन्या सॉकेटांची प्लास्टिकची खिट्टी टिचते, म्हणून खेचू नका, आधी दाबा. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्लग काढायचे असतील तर आधी नळीत साचलेलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, नाहीतर प्लग सैल होताच ते सगळं सिलेंडरमध्ये उतरतं.

कव्हरचे बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलेलं असतं. रबरी हातोडीने कडेला हलकेच ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून पुढे कायम ऑइल येतं.

जुनं पॅकिंग खाचेतून काढलंत की एकदा हातात धरून वाकवा. नव्या पॅकिंगची गाठ मारता येते. जुनं बांगडीसारखं टणक झालेलं असतं, मूळचा गोल कडा दाबून चपटा, आणि वाकवलं की टच्‌कन दोन तुकडे. हे एकदा बघितलं की मग "आवळून भागेल का" असं कुणी विचारत नाही.

खाच आणि हेडची (कव्हर ज्यावर बसतं त्या भागाची) कड चिंधीने पुसून कोरडी करा. जुनं सीलंट प्लास्टिकच्या तुकड्याने खरवडा आणि खरवडताना उघड्या इंजिनावर स्वच्छ फडकं पसरून ठेवा, आत एक कणही पडता कामा नये. नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा, कोपऱ्यात मुरड राहू देऊ नका. चेनवाल्या इंजिनात टायमिंग कव्हर जिथे हेडला मिळतं त्या दोन सांध्यांवर मात्र सीलंटचा वाटाण्याएवढा थेंब लागतो. तो विसरला तर नवं पॅकिंग घालूनही नेमक्या त्या कोपऱ्यातून पाझर येतो.

कव्हर सरळ वरून ठेवा. बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेरच्या दिशेने दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बारीक बोल्ट असतात, ताकद साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास लागते, म्हणजे चाकाच्या नटाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क पाना मिळाला तर वापरा. सीलंट लावलं असेल तर रात्रभर सुकू द्या, मगच इंजिन चालू करा.

बोल्ट थोडे आवळले तर गळती थांबेल ना?

बोल्ट खरंच सैल झाला असेल तर थांबेल, आणि तो मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळायचा. कडक झालेलं पॅकिंग मात्र आवळून मऊ होत नाही. उलट कव्हर वाकतं किंवा हेडमधले आटे जातात, आणि पॅकिंगच्या कामाचं लेथच्या दुकानातलं काम होतं.

बाहेरून सिलिकॉन लावून घेतलं तर?

ओल्या, तेलकट जागेवर सीलंट धरत नाही. आठ दिवस दाबून धरल्यासारखं वाटतं, मग कडेने सुटतं. त्याहून वाईट म्हणजे पॅकिंगच्या जागी आतून भरमसाट सिलिकॉन भरणं. जोड आवळला की जास्तीचं सिलिकॉन आत फुगून येतं, त्याचे तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एका गाडीची जाळी आम्ही काढली तेव्हा निम्म्याहून जास्त जाळी निळ्या सिलिकॉनच्या दोऱ्यांनी बुजली होती. लाल दिवा मधूनच लागतो, अशी तक्रार होती. कंपनीने ज्या जोडाला सीलंट दिलंय, जसा बऱ्याच गाड्यांत चेंबरचा जोड, तिथे ते जरूर लावा, पण एकसारखी बारीक धार सोडून.

नवं पॅकिंग घातलं, तरी महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं. असं का?

दोष पॅकिंगचा नसून आतल्या दाबाचा असू शकतो. पिस्टनच्या कडेने थोडा वायू कायम खाली चेंबरकडे जातो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, ओढला जातो आणि जळून जातो. व्हॉल्व्ह किंवा ब्रीदर पाइप गाळाने बुजला की वायूला वाट राहत नाही, दाब वाढतो आणि सगळ्यात कच्च्या सीलमधून ऑइल बाहेर ढकललं जातं. एक जोड बंद केला की दुसरा गळतो, तो यामुळे.

व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, आतल्या गोळीचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवून बघा. ते थडथडत उडायला लागलं आणि फसफसून धूर येत असेल तर वायू जास्त आहे. व्हॉल्व्ह नवा घातल्यावरही तसंच राहिलं तर रिंगा-सिलेंडरची झीज तपासा. व्हॉल्व्ह स्वस्त आहे, म्हणून आम्ही जुन्या गाडीत टॅपेट कव्हर उघडलं की तो बघितल्याशिवाय बंद करत नाही.

सर्व्हिसिंग करून आणली आणि दुसऱ्याच दिवसापासून ठिबकतेय.

ड्रेन बोल्टचा जुना, चेपलेला वॉशर पुन्हा घातलेला असणार. तो दर वेळी नवा हवा. दुसरी शक्यता जास्त धोक्याची आहे: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर चढतो. दोन रबरं एकावर एक टिकत नाहीत, आणि सुटली की मिनिटभरात ऑइल रस्त्यावर. फिल्टर बसवताना बोटाने जागा चाचपून बघायची, नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरी. ऑइल भरताना सांडलेलं असेल तर तेही दोन दिवस टपकतं, म्हणून घाबरण्याआधी पुसून पुन्हा बघा. आणि पट्टी बघा. वरच्या खुणेच्या बरंच वर भरलं असेल तर जास्तीचं काढून घ्यायला सांगा.

जाड ऑइल घातलं किंवा गळती थांबवणारं औषध टाकलं तर?

नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑइल दिलेलं असतं. त्यात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल ओतलं तर गळती थोडी मंदावेल, पण सकाळी गाडी चालू करताना वर टॅपेटपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागेल आणि झीज तिथे होईल. बाटलीतलं औषध रबर थोडं फुगवतं. फुटलेल्या पॅकिंगवर त्याचा उपयोग नाही. मागच्या सीलचा अगदी बारीक पाझर असेल आणि गाडी लवकरच विकायची असेल, तर एकदा करून बघायला हरकत नाही, एवढंच मी म्हणेन.

मागचंच सील गेलंय हे नक्की झालं. लगेच करू का?

महिन्याला पट्टीवरची लेव्हल जेमतेम हलत असेल तर क्लचचं काम येईपर्यंत थांबा. सील स्वस्त असतं, पैसे जातात ते गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत, आणि क्लचसाठीही तोच उतरवायचा असतो. दोन्ही एकदम करा. मात्र ऑइल क्लच प्लेटवर पोचून क्लच स्लिप होत असेल, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं वाटत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

माझी डिझेल स्विफ्ट आहे. टर्बोचा पाइप ओला दिसतो.

हे १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं, पुंटोतही होतं. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत असे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणजे अशी सगळ्यात नवी गाडीही आता काही वर्षं चाललेलीच. ब्रीदरची वाफ टर्बोच्या आधी हवेत मिसळते, त्यामुळे इंटरकूलरच्या पाइपात थोडं ऑइल असतंच आणि जोडाला ओलसरपणा दिसतो. तेवढ्यावर टर्बो बदलू नका. जोडातून थेंब पडत असेल तर आधी क्लॅम्प आणि पाइपचं रबर बघा. सायलेन्सरमधून निळा धूर आणि लेव्हल उतरणं, ही दोन्ही एकत्र आली तर टर्बो तपासायचा.

काढलेल्या जुन्या ऑइलचं आणि फरशीवरच्या डागाचं काय करायचं?

जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते मोडतं आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला लोक आमच्याकडे मागायला येतात, पण आम्ही कॅनमध्ये साठवून उचलणाऱ्यालाच देतो. घरी काम केलंत तर बंद कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला आणून द्या, कुणी नाही म्हणत नाही.

डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट पसरून पायाने रगडा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या आणि धुण्याच्या पावडरीने घासा. तो भुसा चुलीत मात्र घालू नका. फरशी वाळली की तोच पुठ्ठा उलटा करून पुन्हा गाडीखाली घाला आणि आठवडाभर रोज सकाळी बघा.